घोंगडपेठेची हाक

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगर अजून माणसांचं बोलणं कान देऊन ऐकत असत, तेव्हाची. लहानांनी जरा जवळ सरकून बसावं. मोठ्यांनी मात्र गोष्ट लहानांसाठी आहे असं समजून पेंगू नये, कारण हिच्यातली चूक मोठ्यांनीच केली होती.

एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. त्याचं नाव घोंगडपेठ. तिथली माणसं मेंढ्या पाळत, लोकर कातत आणि घोंगड्या विणत. नगरात शिरलं की आधी ओल्या लोकरीचा वास यायचा आणि मग माणसं दिसायची. गल्ल्या वाकड्यातिकड्या होत्या. कुणाचं दार निळं, कुणाचं गेरूचं, तर कुणाच्या घराला दारच नाही, नुसतं जुनं घोंगडं टांगलेलं.

रोज संध्याकाळी डोंगरावरून धुकं उतरायचं. ते साधंसुधं धुकं नव्हतं. हात पुढे केला तर आपलाच हात परका वाटावा असं ते दाट असायचं. म्हणून घोंगडपेठेत एक रीत होती. दिवेलागणीला प्रत्येक घरातलं कुणीतरी उंबऱ्यावर उभं राही आणि बाहेर राहिलेल्या आपल्या माणसाला नाव घेऊन हाक मारी. वरच्या आळीची हाक लांबलचक, खालच्या आळीची तुटक. कुणी नाव दोनदा घेई, कुणी शेवटी हेल काढी. धुक्यातून ओ आली की मगच घरात पानं वाढायची. आणि सगळ्यांच्या सगळ्या ओ आल्या, की शेवटी सारं नगर मिळून एक बिननावाची हाक घालत असे, "वाटेवर कुणी असेल तर जेवायला या होऽऽ!" त्या हाकेला जो येईल तो पाहुणा. आणि पाहुण्याचा शब्द घोंगडपेठेत कुणी मोडत नसे.

या नगराचा कारभार एक नगरशेट बघायचा. माणूस कर्तबगार होता, मनानंही चांगला होता. त्याची बायको लेकीला मागे ठेवून देवाघरी गेली होती, म्हणून संध्याकाळची हाक त्यालाच मारावी लागे. त्याचा आवाज मात्र फुटक्या घागरीसारखा होता. "हौसाऽऽ!" असं तो ओरडला की शेजारपाजारचे गालात हसत आणि म्हणत, "शेटजींची घागर घरंगळली बरं का!" त्याची लेक हौसा मोठी खोडकर होती. कोपऱ्यावरच्या चिंचेआड लपून राही आणि पहिल्या हाकेला गप्प, दुसऱ्या हाकेला गप्प, तिसऱ्या हाकेलाच ओ देई. बापाचा जीव तेवढ्यात वरखाली होऊन जाई. पण ओ आली की त्याला इतकं बरं वाटे, की रागवायचं राहूनच जाई.

एकदा नगरशेट घोंगड्या घेऊन समुद्राकाठच्या एका थोर नगरात गेला. तिथे सरळ रस्ते होते, पांढरे वाडे होते, सात देशांचे लोक होते. कुणीतरी विचारलं, "आपण कुठले?"

"घोंगडपेठेचा," नगरशेट म्हणाला.

तो माणूस काही वाईट बोलला नाही. नुसता हसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "असंही नाव असतं?"

झालं. ते हसू नगरशेटच्या मनात कुसळासारखं रुतलं. घरी आला तर त्याला लोकरीचा वास सोसेना, वाकड्या गल्ल्या बघवेनात. त्यानं पंचांना बोलावलं आणि सांगितलं, "थोर नगरांची एक सभा असते म्हणे. जगानं ज्यांची नावं घ्यावीत अशी नगरं तिथे बसतात. आपलं नगर त्या सभेत बसलं पाहिजे." त्याच दिवशी त्यानं सभेकडे निरोप धाडला.

त्यानंतर एके संध्याकाळी नगरानं नेहमीप्रमाणे बिननावाची हाक घातली, "वाटेवर कुणी असेल तर जेवायला या होऽऽ!"

आणि धुक्यातून ओ आली.

ती ओ बाईची नव्हती, पुरुषाची नव्हती, जवळची नव्हती की लांबची नव्हती. ती ऐकून गोठ्यातल्या मेंढ्या एकमेकींना चिकटल्या. मग धुक्यातून एक माणूस चालत आला. हातात पांढरी काठी, अंगात स्वच्छ पांढरा अंगरखा. अशा ओल्या वाटेनं आला, तरी पायांना चिखल नव्हता.

"मी थोर नगरांच्या सभेचा मापारी," तो गोड आवाजात म्हणाला. "आपण बोलावलंत, मी आलो."

नगरशेटनं त्याला पाटावर बसवलं, भाकरी, पिठलं, तूप वाढलं. मापारी प्रत्येक पदार्थाची तोंड भरून स्तुती करत होता. तो उठला तेव्हा हौसा बापाच्या कानाशी लागली, "बाबा, पान तसंच आहे. एक कणसुद्धा कमी झाला नाही. आणि त्याचं तोंड कसं होतं हो? मला आत्ताच आठवत नाहीये." नगरशेटनं आठवून बघितलं. त्यालाही आठवेना. पण मोठ्या माणसांना असल्या गोष्टींकडे डोळेझाक करायची चांगली सवय असते.

मापाऱ्यानं कधी काही मागितलं नाही. तो काठी टेकत नगरभर हिंडे, मान डोलावे आणि फक्त एवढंच म्हणे, "छान आहे. थोर नगरांत असं नसतं, इतकंच." तेवढं म्हणणं पुरेसं होई. पाहुण्याचा शब्द तो! वाकड्या गल्ल्या सरळ झाल्या. सगळ्या भिंतींना पांढरा चुना लागला, सगळ्यांना सारखी पांढरी दारं बसली. लोकर नगराबाहेर गेली. कोपऱ्यावरची चिंच तोडली, कारण ती रस्त्याच्या रेषेत येत होती. घोंगडपेठ हे नाव परक्यांच्या जिभेला जड जातं म्हणून तेही गेलं. "नाव काय ठेवू?" नगरशेटनं विचारलं, तेव्हा मापारी म्हणाला, "नावाची घाई कशाला? तोवर नुसतं थोर नगर म्हणा."

खोटं कशाला बोला, यातून पुष्कळ भलंही झालं. गटारं वाहती झाली, डास गेले. दूरदूरचे व्यापारी आले, घोंगडीला कधी मिळाला नव्हता असा भाव मिळाला. चांगले वैद्य येऊन राहिले आणि पूर्वी तापात दगावली असती अशी लेकरं वाचली. लोक नगरशेटला दुवा देत होते आणि ते योग्यच होतं. बदलताना नगर फक्त वाईटच बदलत असतं तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

एका संध्याकाळी मापारी नगरशेटच्या ओट्यावर उभा होता. दिवेलागण झाली, नगरशेट उंबऱ्यावर आला आणि त्यानं हाक मारली. आवाज नेहमीसारखाच चिरकला. मापारी हळूच हसला. अगदी त्या समुद्राकाठच्या माणसासारखा.

नगरशेटच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मापारी काही म्हणायच्या आतच तो म्हणाला, "थोर नगरांत असं नसतं, नाही का?"

"तिथे एक घंटा असते," मापारी म्हणाला. "एकदा वाजते आणि सगळे घरी जातात. कुणाला ओरडावं लागत नाही."

आठवड्याच्या आत चौकात घंटा टांगली गेली, हाक बंद झाली आणि मापारी आला तसा धुक्यात निघून गेला. नगरशेटच्या शेजारी भागाआत्या राहायची. नगरशेटला तिनं कडेवर खेळवलं होतं, त्यामुळे तिला त्याच्या पागोट्याचं काही वाटत नसे. ती तरातरा आली आणि म्हणाली, "अरे लेकरा, ही घंटा कुणाला बोलावते?"

"सगळ्यांना, आत्या."

"सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही रे! मेंढरंसुद्धा नावानं येतात."

"आत्या, जग कुठे चाललंय ते बघ जरा."

"जग कुठे का जाईना, संध्याकाळी माझा म्हातारा घरी येतो का, तेवढं मला बघायचंय," असं म्हणून ती निघून गेली.

पहिल्याच महिन्यात गंमत झाली. घंटा झाली, धुक्यातून एक लोहार आला आणि सोनाराच्या घरात शिरून जेवून गेला. सगळी दारं सारखी, त्यात त्याचा काय दोष! नगर पोट धरून हसलं. मग असं वरचेवर होऊ लागलं, तेव्हा हसू कमी झालं. नंतर तर कुणी हसेनासंच झालं. घंटा झाली की जो दारात येईल तो त्या घरचा. त्याला पान वाढायचं, अंथरूण घालायचं, सकाळी निरोप द्यायचा. भागाआत्याचा म्हातारा एकदा गेला तो तिच्या दाराला परत लागलाच नाही. पण तिच्या घरी रोज कुणी ना कुणी म्हातारा जेवत होता, त्यामुळे पंचांच्या मते तक्रारीला जागा नव्हती.

एकदा नगरशेट घरी आला तर त्याच्या पाटावर एक अनोळखी माणूस जेवत होता. "आपण कोण?" नगरशेटनं विचारलं. त्या माणसानं शांतपणे वर पाहिलं. "घंटा झाली म्हणून आलो," तो म्हणाला आणि पुढचा घास घेतला. त्या क्षणी घंटा उतरवायला हवी होती. पण दुसऱ्याच दिवशी मापारी परत आला. पांढरी दारं, सरळ रस्ते, मुकी संध्याकाळ बघून त्यानं पहिल्यांदाच 'इतकंच' म्हटलं नाही.

"आता तुमचं नगर तयार आहे," तो म्हणाला. "चला, सभेत बसायला."

निघताना हौसानं बापाचा अंगरखा धरला. "बाबा, लवकर याल ना? आलात की वेशीवरून हाक मारा. मी पहिल्याच हाकेला ओ देईन. अगदी शपथ."

नगरशेटला हसू आलं आणि थोडं लाजल्यासारखंही झालं, कारण मापारी ऐकत होता. "आता हाकेचं काय काम?" तो म्हणाला. "घंटा झाली की मी दारात."

सभेचा महाल चंद्रासारखा पांढरा होता. शेकडो आसनं मांडली होती आणि प्रत्येकावर एकेका नगराचा कारभारी बसला होता. नगरशेटच्या गळ्यात फुलांची माळ पडली. चोपदारानं ललकारी दिली, "थोर नगर!" टाळ्या झाल्या. नगरशेटचा ऊर भरून आला. मग चोपदार पुढच्या आसनाकडे वळला आणि ओरडला, "थोर नगर!" मग त्याच्या पुढच्या, "थोर नगर!"

नगरशेटच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याचे केस मांडीवर रुळत होते. नगरशेटनं विचारलं, "आपण कधी आलात?"

"आत्ताच," म्हातारा म्हणाला. "माळसुद्धा अजून ताजी आहे, बघा." माळ खरंच ताजी होती. "एवढ्या टाळ्या संपल्या की घरी जाईन. धाकट्याचं बारसं आहे."

टाळ्या काही संपत नव्हत्या. त्या पावसासारख्या पडतच होत्या. नगरशेटला एकदम हौसाची आठवण झाली आणि तो उठून उभा राहिला. त्याच्या वहाणांचे बंद वाळक्या पाचोळ्यासारखे तुटले. गुडघे कुरकुरले. फार वेळ मांडी घालून बसलो, असं त्याला वाटलं. तो अनवाणीच बाहेर पडला. मापाऱ्यानं त्याला अडवलं नाही. नुसता हसून वाट सोडून बाजूला झाला.

चालता चालता संध्याकाळ झाली, धुकं उतरलं आणि समोर पांढऱ्या भिंती आल्या. घंटा वाजली. नगरशेट सरळ रस्त्यानं गेला आणि आपलं दार असायला हवं तिथल्या दारात उभा राहिला. आत पान वाढलेलं होतं. "हौसा," तो हळूच म्हणाला.

"ओ," लगेच उत्तर आलं. आतून एक तरुण बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आलात, बाबा? बसा."

तिच्या आवाजात ना आनंद होता ना आश्चर्य. नगरशेट मागे सरकला. "तू कोण? माझी हौसा लहान आहे. आणि ती तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही."

"घंटा झाल्यावर जो येतो, तो बाबा," ती बाई म्हणाली. "पान निवतंय."

नगरशेट तिथून पळाला. हे आपलं नगर नव्हे, आपलं पुढे असेल, असं म्हणत तो चालत राहिला. पुढे आणखी एक नगर लागलं. तसेच रस्ते, तशीच दारं, तशीच घंटा. "हे कोणतं नगर?" त्यानं विचारलं. "थोर नगर," लोक म्हणाले. त्याच्या पुढच्या नगरातही तेच. "घोंगडपेठ कुठे हो?" असं विचारलं की लोक नम्रपणे हसत आणि म्हणत, "असंही नाव असतं?"

अशा किती नगरांतून तो फिरला कोण जाणे. एका ठिकाणी तो थकून जेवायला बसला. एका छोट्या मुलानं मांडीवर चढून त्याला "आजोबा" म्हटलं आणि नगरशेटच्या तोंडून "ओ" निघाली. त्याचा हात घासासकट थांबला. मी कुणाला ओ दिली? तो घाबरून उठला आणि चूळ भरायला आडावर गेला. आडात वाकून बघितलं तर पाण्यातून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा वर बघत होता. कुणी मागे उभं आहे का, म्हणून नगरशेटनं वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

तेव्हा त्याला सगळं उमजलं. टाळ्या एका संध्याकाळच्या नव्हत्या. त्या महालात त्याची वर्षंच्या वर्षं गेली होती. मग हौसा लहान कशी असेल? ती तांब्या घेऊन आलेली बाई... आणि हौसानं तर शपथ घेतली होती, पहिल्याच हाकेला ओ देईन म्हणून! नगरशेटनं कपाळावर हात मारून घेतला. आपल्याच दारात जाऊन आपल्याच लेकीला तो "तू कोण" म्हणून आला होता.

तो तसाच मागे फिरला. पण ते नगर यातलं कोणतं, हे कसं ओळखायचं? ओळखायची एकच खूण उरली होती आणि ती त्यानंच पुसून टाकली होती.

वाटेत लागलेल्या प्रत्येक नगराच्या वेशीवर तो उभा राहिला. लाज वाटली, पण त्यानं हाक मारली. "हौसाऽऽ!" म्हातारपणानं आवाज आणखीच चिरकला होता. पांढरी दारं उघडत. उंबऱ्यांवर माणसं येत आणि काही न बोलता त्याच्याकडे बघत राहत. कुणाचे ओठ जरासे हलत, जणू काही आठवायचा प्रयत्न चाललाय. मग घंटा वाजे आणि दारं लागत. ओ कुठूनच येत नव्हती.

शेवटी तो एका डोंगराच्या पायथ्याशी आला. धुकं इतकं दाट होतं, की त्याला आपलाच हात परका वाटला. त्यानं हाक मारली, "हौसाऽऽ!" सगळं गप्प. पुन्हा हाक मारली. चौकात घंटा वाजू लागली आणि हाक तिच्याखाली अर्धीअधिक दबून गेली. नगरशेटच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानं सगळा जीव घशात गोळा केला आणि तिसऱ्यांदा हाक मारली. घागर फुटावी तसा त्याचा आवाज फुटला.

डोंगरानं ती हाक ऐकली आणि नगरभर फिरवली.

"ओऽऽ!"

ती तरुण बाई धुक्यातून धावत आली. तिच्या हातातला तांब्या वाटेत कुठेतरी पडला होता. "बाबा," ती म्हणाली, "रोज कुणी ना कुणी यायचं. सगळ्यांनाच बाबा म्हणता म्हणता मी तुम्हाला ओळखायचंच विसरले. पण ही घागर... ही घागर कशी विसरेन हो!"

"पहिल्याच हाकेला ओ देणार होतीस ना?"

"पहिलीला वाटलं भास झाला. दुसरीला रडूच फुटलं," हौसा म्हणाली. बापलेक रस्त्यात उभे राहून लहान मुलांसारखे रडले. मधली वर्षं मात्र त्यांना कुणी परत दिली नाहीत.

त्या संध्याकाळी एका दारात भागाआत्या आली. ती आता इतकी वाकली होती, की उंबऱ्यासारखीच दिसत होती. तिनं थरथरत्या आवाजात आपल्या म्हाताऱ्याला हाक मारली. मग दुसऱ्या दारातून हाक आली, मग तिसऱ्या. सकाळी लोकांनी घंटा उतरवली. तिच्या खांबाला मापाऱ्याची पांढरी काठी टेकून ठेवलेली होती. तो कधी येऊन गेला, कुणाला कळलं नाही.

गटारं राहिली, वैद्य राहिले, व्यापारीही राहिले. ते चांगलंच होतं. पण दारं पुन्हा निळी आणि गेरूची झाली, वेशीवर घोंगडपेठ हे नाव लागलं आणि संध्याकाळची हाक परत सुरू झाली. फक्त बिननावाच्या हाकेला कुणी आलं, की आता लोक आधी त्याचं पान बघतात, घास कमी होतो की नाही ते.

काही हाकांना ओ आली. पुष्कळ हाकांना आली नाही, कारण ती माणसं कुठल्या कुठल्या थोर नगरांत, कुणाकुणाच्या पाटांवर शांतपणे जेवत बसली आहेत. भागाआत्याच्या म्हाताऱ्याचीही ओ आली नाही. पुढे भागाआत्या गेली, पण तिच्या उंबऱ्यावरून दिवेलागणीला अजून हाक येते, असं सांगतात. ती ऐकली की घोंगडपेठेतली मुलं खेळ टाकून घरी पळतात आणि पहिल्याच हाकेला ओ देतात.

तात्पर्य: जगानं ओळखावं म्हणून जे नगर आपल्या माणसांना नावानं हाक मारायचं सोडतं, त्याला सारं जग ओळखतं, पण त्याचीच माणसं ओळखेनाशी होतात.